खाणीनंतरचा कारखाना

गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य ग्रंथव्यवहारात एका नव्या वाङ्मयप्रकाराने बाळसे धरले आहे. विषय धातूंचा, पण ग्रंथ रसायनशास्त्राचे नव्हेत; पैशाच्या उलाढालीचे तपशील भरपूर, पण ते अर्थशास्त्राचेही नव्हेत. एखादा वार्ताहर दूरदेशीच्या खाणींवर जातो, तेथील गढूळ पाणी आणि उघडेबोडके डोंगर पाहतो, आणि परत येऊन आपल्या देशबांधवांना सांगतो की, तुमची विजेवर चालणारी मोटार आणि तुमच्या खिशातला फोन यांची किंमत दुकानात मोजली तेवढीच नाही. या ग्रंथांचा रोखही बहुधा ठरलेला असतो. परक्याच्या अंगणात ढकललेली खाण आता आपल्या अंगणात परत आणावी काय, आणि आणली तर ती कोणाच्या दारात, हा त्यांचा प्रश्न असतो.

प्रस्तुत लेखात यांपैकी दोन ग्रंथांचा विचार करावयाचा आहे. पहिला गिओम पित्रों या फ्रेंच पत्रकाराचा 'ला गेर दे मेतो रार'. तो २०१८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२० साली 'द रेअर मेटल्स वॉर' या नावाने इंग्रजीत आला. दुसरा अर्नेस्ट शायडर या अमेरिकन वार्ताहराचा, २०२४ सालचा 'द वॉर बिलो'. दोन्ही नावांत 'युद्ध' आहे, याची वाचकांनी आताच नोंद घ्यावी. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. ज्यांच्याशिवाय देशाचे उद्योग आणि संरक्षण चालत नाही, आणि ज्यांचा पुरवठा मोजक्या हातांत असल्यामुळे कधीही तुटू शकतो, अशा खनिजांना आज 'कळीची खनिजे' म्हटले जाते. भारत सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये अशा तीस खनिजांची यादी केली. त्यांत लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट, तांबे ही ओळखीची नावे आहेत आणि 'दुर्मीळ मृदा' या नावाने ओळखला जाणारा सतरा मूलद्रव्यांचा एक गोतावळाही आहे. हे 'दुर्मीळ' विशेषण फसवे आहे. या गोतावळ्यातील सेरियम भूपृष्ठात जवळजवळ तांब्याइतकेच विपुल आहे. दुर्मीळ आहे ती या भावंडांना एकमेकांपासून वेगळे करण्याची विद्या. निओडिमियम आणि प्रासिओडिमियम यांचे लोहचुंबक नसेल तर विजेच्या मोटारीचे इंजिन अवजड होते, आणि क्षेपणास्त्राला दिशा देणारी यंत्रणाही अडते.

पित्रों यांच्या ग्रंथाचे मोठे श्रेय असे की, त्यांनी या विषयाला भूगोल दिला. चीनच्या च्यांगशी प्रांतातील डोंगरउतार, अंतर्मंगोलियातील पाओथौ शहराजवळचे टाकाऊ गाळाचे प्रचंड तळे आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील माउंटन पास ही खाण, या सर्व स्थळी ते वाचकाला नेतात. पण त्यांच्या लेखणीला खरी धार चढते ती त्यांच्या स्वतःच्या देशात. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील ला रोशेल या जुन्या बंदरात रोन-पूलँक या कंपनीचा कारखाना होता. १९८० च्या दशकात जगात जेवढ्या दुर्मीळ मृदा शुद्ध होत, त्यांतील सुमारे निम्म्या एकट्या या कारखान्यात होत. ऑस्ट्रेलियातून मोनाझाइट वाळू यायची. तिच्यात थोरियम असायचे. धातू निघून गेल्यावर उरलेला किरणोत्सर्गी अंश खाडीच्या पाण्यात मिसळू लागल्याचे लक्षात आले. नागरिक अस्वस्थ झाले, मोजमापे झाली, वर्तमानपत्रे जागी झाली. १९९४ साली मोनाझाइटचे काम तेथे थांबले आणि घाणीचा भाग चिनी भागीदारांकडे गेला. ला रोशेलची खाडी स्वच्छ झाली. फ्रान्सने प्रदूषण संपवले नाही, ते दूरच्या पत्त्यावर पाठवले, हा पित्रों यांचा निष्कर्ष आणि ग्रंथातील सर्वांत सबळ भाग. तो वाचताना एखाद्या घरंदाज कुटुंबाची, सर्वांना माहीत असलेली पण कोणी न बोललेली गोष्ट पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली जात आहे असे वाटते.

माउंटन पासची कथाही याच वळणाची आहे. १९४९ साली युरेनियमच्या शोधात निघालेल्यांना तेथे दुर्मीळ मृदांचा साठा सापडला आणि १९५२ मध्ये काम सुरू झाले. १९६० च्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी आली, तिच्या पडद्यावरील लाल रंगासाठी युरोपियम लागू लागले आणि खाणीचे दिवस पालटले. पुढे अनेक वर्षे जगाचा मोठा पुरवठा या एका ठिकाणाहून होत असे. सांडपाणी वाहून नेणारी नळवाहिनी इव्हान्पा या कोरड्या तलावाकडे जात होती. ती १९८० आणि १९९० च्या दशकांत वारंवार फुटली आणि लक्षावधी लिटर दूषित पाणी वाळवंटात पसरले. १९९८ साली विलगीकरण बंद पडले. २००२ साली खाणही थांबली. तोवर चिनी माल इतका स्वस्त झाला होता की, ती पुन्हा सुरू करण्याचे कारण कोणाला दिसेना.

या दोन उदाहरणांवरून पित्रों एक धाडसी मागणी करतात. ते म्हणतात, खाणी फ्रान्समध्ये परत आणा. चिनी मक्तेदारीतून सुटका एवढाच त्यांचा हेतू नाही. आपल्या सुखाची संपूर्ण किंमत आपल्या दारात, आपल्या डोळ्यांसमोर चुकवावी लागली तरच आपण जपून वागू, हा नैतिक मुद्दा त्यामागे आहे. पर्यावरणवाद्याने खाणीची मागणी करावी यात वरवर विरोधाभास दिसतो; विचार केल्यावर तो विरोधाभास राहत नाही. ग्रंथाचे हे मर्म आहे, आणि त्यासाठी तो वाचला पाहिजे.

परंतु मर्म मान्य केले तरी मांडणीचे दोष झाकता येत नाहीत. पित्रों यांची शैली सरकारी वकिलाची आहे. आरोपीच्या बाजूचा साक्षीदार ते सहसा बोलावीत नाहीत. दुर्मीळ मृदा, कोबाल्ट, टंगस्टन, गॅलियम, इंडियम अशा अत्यंत भिन्न धातूंची मोट ते 'दुर्मीळ धातू' या एका नावाखाली बांधतात आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी सहज जातो. सामान्य सौरपट्टीत दुर्मीळ मृदा नसतात, आणि जमिनीवरच्या अनेक पवनचक्क्यांतही त्यांचे चुंबक नसते. ग्रंथ वाचून उठणाऱ्या वाचकाला मात्र याच्या उलट समजूत घेऊन उठावे लागते. कोळसा आणि तेल यांची तुलनात्मक घाण किती, हा प्रश्न तर पानापानावर दार ठोठावत असतो. त्याला घरात घेतले जात नाही. फिर्याद खरी असली की पुराव्यात थोडी सूट चालते असे मानणाऱ्या लेखनाने अखेर फिर्यादीचेच नुकसान होते.

शायडर यांची प्रकृती नेमकी उलटी. ते वृत्तसंस्थेत मुरलेले वार्ताहर. प्रत्येक वादात दोन्ही पक्षांच्या ओसरीवर बसून येणारे. पित्रों यांनी फ्रान्ससाठी जी मागणी केली, ती अमेरिकेत खरोखर अमलात आणू जाता काय होते, याचा वृत्तांत म्हणून त्यांचे पुस्तक वाचता येते. नेवाडातील ऱ्हायोलाइट रिज येथे लिथियम आहे. पण त्याच मातीत टीम्स बकव्हीट नावाचे एक चिमुकले पिवळ्या फुलांचे झुडूप आहे, आणि ते पृथ्वीवर अन्यत्र कोठेही उगवत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याला संकटग्रस्त वनस्पती म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. ॲरिझोनातील ओक फ्लॅट येथे जमिनीखाली खोलवर तांब्याचा मोठा साठा आहे. पण ती जागा सान कार्लोस अपाची लोकांची उपासनेची भूमी आहे. योजिलेल्या पद्धतीने खाण झाली तर तेथे सुमारे तीन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडेल. २०१४ च्या डिसेंबरमध्ये संरक्षणखर्चाच्या कायद्यात एक कलम घुसवून ही भूमी खाणकंपनीला अदलाबदलीत देण्याची तरतूद झाली. या अदलाबदलीविरुद्ध अपाचींनी धर्मस्वातंत्र्याच्या आधारे मागितलेली दाद ऐकण्यास २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. वेदी असलेली जागा आणि वृक्षाखालची जागा यांना कायदा एकाच तराजूत तोलतो काय, हा प्रश्न आपल्या वाचकांना परका वाटू नये.

शायडर यांची ही प्रकरणे वाचनीय आहेत. झुडपासाठी झटणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि खाणीचा मालक, दोघेही हाडामांसाचे उतरले आहेत. त्यांची उणीव अशी की, ते न्याय देण्याच्या वेळी उठून जातात. कठीण निवडी करणे भाग आहे, हे ते अनेक प्रकारे सांगतात. कोणी, कोणाच्या वतीने आणि कोणाच्या खर्चाने निवडायचे, हे विचारले की लेखणी नम्र होते. हा संयम पत्रकारितेत गुण आहे. साडेतीनशेच्या घरातल्या पानांच्या ग्रंथात तो हळूहळू अंग चोरण्यासारखा दिसू लागतो.

पण या दोन्ही ग्रंथांतील खरी उणीव याहून खोल आहे, आणि ती या संपूर्ण वाङ्मयप्रकाराची उणीव आहे. खाण दिसते. ती डोंगर पोखरते, तिच्याविरुद्ध मोर्चे निघतात, तिच्यावरून विमानातून छायाचित्र घेता येते. लेखकाला जे जे हवे असते, नायक, खलनायक, भूदृश्य, ते ते खाण पुरवते. खाणीनंतरचा कारखाना मात्र दिसत नाही. आणि अमेरिका किंवा युरोप यांनी जे गमावले ते प्रामुख्याने तेथे गमावले आहे. माउंटन पासची खाण पुन्हा सुरू झाल्यावरही काही वर्षे तेथील खनिजाची भुकटी जहाजात भरून शुद्धीकरणासाठी चीनलाच जात होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये आयातकरांचा भडका उडाला तेव्हा ती थांबली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार दुर्मीळ मृदांच्या उत्खननात चीनचा वाटा सुमारे साठ टक्के, तर शुद्धीकरणात तो नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. हा जो तीस टक्क्यांचा फरक आहे, त्यावर खरे म्हणजे एक ग्रंथ हवा. तांब्याचेही तेच. अमेरिकेत खनिजापासून तांबे गाळणाऱ्या चालू भट्ट्या आज दोनच उरल्या आहेत. अपाचींची भूमी फोडून निघालेले खनिज गाळावयास कोठे जाणार, हा प्रश्न ओक फ्लॅटच्या वादात मध्यभागी असावयास हवा होता.

हा कारखाना म्हणजे काय, हे आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना समजावून देणे सोपे आहे. मिठागरात समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडीत जातात. प्रत्येक वाफ्यात ते किंचित दाट होते, आणि केव्हा पुढे सोडावे हे मिठागरावर हयात घालवलेल्या माणसाला पाण्याच्या रंगावरून कळते. दुर्मीळ मृदांचे विलगीकरण तत्त्वतः याच्या जवळचे आहे. मात्र फार अवघड. आम्लात विरघळवलेले धातूंचे मिश्रण तेलासारख्या द्रावकाशी घुसळतात. द्रावक एका भावंडाला दुसऱ्यापेक्षा किंचित अधिक आपलेसे करतो. हा 'किंचित' इतका लहान असतो की, तीच घुसळण ओळीने मांडलेल्या शेकडो टाक्यांतून करावी लागते. एका टोकाला फेरफार केला तर त्याचा परिणाम दुसऱ्या टोकाला दिसण्यास दिवस, कधी आठवडे जातात. मग शुद्ध ऑक्साइड मिळते. त्यापासून वितळलेल्या क्षारांत वीज सोडून धातू, धातूचा मिश्रधातू, मिश्रधातूची बारीक भुकटी, भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून आणि भाजून चुंबक, आणि त्यावर गंज न चढावा म्हणून लेप. या साखळीतील एक कडी नसली तर बाकीच्या कड्या दुसऱ्या देशाच्या कामाला येतात.

ही विद्या मूळची चीनची नाही. अमेरिकेतील आयोवा येथे फ्रँक स्पेडिंग यांच्या प्रयोगशाळेने १९४० च्या दशकात दुर्मीळ मृदा वेगळ्या करण्याच्या पद्धती बसवल्या. निओडिमियमचे चुंबक १९८३ साली जगापुढे आले ते जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेतील जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांच्या स्वतंत्र संशोधनातून. जनरल मोटर्सने त्यासाठी इंडियाना राज्यात मॅग्नेक्वेंच ही कंपनी काढली. १९९५ साली ती विकली गेली आणि घेणाऱ्यांत दोन चिनी कंपन्या होत्या. काही वर्षांत यंत्रे चीनला गेली. पित्रों हा प्रसंग सांगतात आणि तो चिनी काव्याचा नमुना म्हणून सांगतात. विकणाऱ्याने का विकले, याची चर्चा त्यामानाने थोडक्यात आटोपते.

आणि या कथेत एका माणसाला मुळीच जागा नसावी हे खटकण्याजोगे आहे. श्यू क्वांगश्यान हे चिनी रसायनशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९५१ साली मायदेशी परतले. १९७२ च्या सुमारास प्रासिओडिमियम आणि निओडिमियम ही जवळजवळ जुळी भावंडे वेगळी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. टाक्यांच्या लांबलचक रांगेत कोठे काय घडेल याचे गणित त्यांनी बसवले, आणि वर्षानुवर्षांच्या चाचपडण्याची जागा हिशेबाने घेतली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी देशभरच्या कारखान्यांतील तंत्रज्ञांसाठी अभ्यासवर्ग घेतले आणि हे गणित सर्वांना शिकवले. पुढे जो स्वस्त चिनी माल जगाच्या बाजारात आला, त्यामागे स्वस्त मजुरी होती, नदीत सोडलेले आम्ल होते, सरकारी धोरणही होते. पण हे अभ्यासवर्गही होते. चीनला २००८ साली या वृद्ध प्राध्यापकाला देशाचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार द्यावासा वाटला, ते उगीच नव्हे. धूर्तपणा आणि बेपर्वाई यांच्या मांडणीत शिकवणारा माणूस बसत नाही. 'युद्ध' हे रूपक घेतले की असे होते. युद्धात शत्रू असतो, कावा असतो, हार-जीत असते, शाळा नसते.

रूपकाचा दुसरा तोटा असा की, ते पुनर्बांधणीला मोहिमेचे रूप देते. मोहीम वर्षा-दोन वर्षांत फत्ते व्हावयास हवी. माउंटन पासच्या पहिल्या पुनरुज्जीवनाचे काय झाले ते पाहा. २०१० साली चीनने जपानचा पुरवठा रोखला, भाव आकाशाला भिडले, मॉलिकॉर्प कंपनीने भांडवल उभारून नवा कारखाना बांधला. २०११ नंतर भाव कोसळले आणि २०१५ च्या जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिला हरवण्यासाठी कोणाला गोळी झाडावी लागली नाही. स्वस्ताई पुरेशी होती. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या संरक्षणखात्याने हीच खाण चालवणाऱ्या नव्या कंपनीत भांडवल घातले आणि निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी दहा वर्षे किलोला किमान ११० डॉलर भावाची हमी दिली. शेतकऱ्याला हमीभाव द्यावा की नाही यावर आपल्याकडे किती वाद झडले! मुक्त बाजाराच्या पंढरीतच खनिजाला हमीभाव मिळाला, याची गंमत वाटल्याखेरीज राहत नाही. परंतु निर्णय शहाणपणाचा आहे. टाक्यांच्या रांगेपाशी उभा राहणारा माणूस तयार होण्यास दहा वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्याचा पगार निघाला पाहिजे.

जपानने हे आधी ओळखले. २०१० च्या धक्क्यानंतर त्याने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला दीर्घ मुदतीचे अर्थसाहाय्य दिले आणि भाव पडल्यावरही ती बुडू दिली नाही. मात्र लायनसचा कारखाना उभा राहिला तो मलेशियात, क्वांतानला. येथे 'आपले घर' या शब्दाकडे नीट पाहावे लागते. मलेशियाला हा अनुभव नवा नव्हता. पेराक राज्यातील बुकित मेराह या गावाजवळ १९८२ मध्ये जपानी भागीदारीतील एक दुर्मीळ मृदा कारखाना सुरू झाला होता. कथिलाच्या खाणींच्या टाकाऊ वाळूतून तो माल काढी आणि थोरियमयुक्त अवशेष मागे ठेवी. गावकऱ्यांनी १९८५ साली न्यायालय गाठले. १९९२ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने कारखाना थांबवण्याचा हुकूम दिला, १९९३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि तरीही १९९४ च्या आरंभी कंपनीने स्वतःच गाशा गुंडाळला. त्याच वर्षी ला रोशेलचे मोनाझाइटचे काम थांबले होते. दोन्ही गावांचे दुखणे थोरियमचेच. एका गावाला पॅरिसची वर्तमानपत्रे होती, दुसऱ्याला अनेक वर्षे वकिलाची फी भरावी लागली.

चीनही आता याच वाटेने चालला आहे, हे २०१८ च्या ग्रंथात पुरते येणे शक्य नव्हते. च्यांगशीतील डोंगर अमोनियम सल्फेटने धुऊन काढण्यावर तेथील सरकारने निर्बंध घातले, तेव्हा ते धुणे सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन प्रांतात सरकले. घाण ज्याच्या दारी टाकली, त्यानेही सवडीने ती शेजाऱ्याच्या दारी टाकली. पूर्व-पश्चिम असे युद्ध रंगवणाऱ्या चौकटीत काचिनच्या डोंगरातील माणूस कोणत्या सैन्यात मोडतो, हे सांगणे अवघड जाईल.

आता आपल्या देशाकडे. स्वतंत्र भारताने अगदी आरंभी जे थोडे कारखाने उभारले, त्यांत केरळमधील आलुवा येथील दुर्मीळ मृदा कारखाना होता. 'इंडियन रेअर अर्थ्‌स' ही कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली आणि १९५२ च्या डिसेंबरमध्ये पंडित नेहरूंनी कारखान्याचे उद्घाटन केले. माउंटन पासचे कामही त्याच वर्षी सुरू झाले होते. होमी भाभांची नजर मोनाझाइटमधील थोरियमवर होती; दुर्मीळ मृदा त्यासोबत आल्या. पुढील सत्तर वर्षांत थोरियमचे स्वप्न लांबत गेले, आणि अणुऊर्जेच्या कुंपणामुळे या वाळूला बाहेरचा हात लागणे अवघड राहिले. देशात, प्रामुख्याने केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्र यांच्या किनाऱ्यांवर, सव्वा कोटी टनांहून अधिक मोनाझाइट आहे असा अणुऊर्जा खात्याचा अंदाज सांगतो. मुंबईत मुख्यालय असलेली ही कंपनी ओडिशात वाळूवर प्रक्रिया करते, आलुव्यात विलगीकरण करते, आणि तेथपर्यंत सर्व ठीक आहे. पुढच्या कड्या मात्र आपण बांधल्या नाहीत. २०१२ च्या करारानुसार आपला माल जपानला जात राहिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मृदांवर निर्यातनियंत्रण आणले, आपल्या मोटारकारखानदारांना चुंबके मिळेनाशी झाली, आणि जूनमध्ये ही निर्यात थांबवण्यास कंपनीला सांगितल्याची वृत्ते आली. थांबवलेल्या मालाचे चुंबक बनवील असा मोठा कारखाना देशात कोठे होता? २०२३ मध्ये विशाखापट्टणला सुरू झालेला समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना वर्षाला तीन टनांचा. २०२५ च्या जानेवारीत कळीच्या खनिजांचे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले, नोव्हेंबरमध्ये चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना आली. आकडे मोठे आहेत. श्यू क्वांगश्यान यांच्यासारखे अभ्यासवर्ग कोण घेणार, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

आलुव्याच्या टाक्यांपाशी तीन पिढ्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांनी काय शिकले, कोणत्या वर्षी कोणता द्रावक बदलला, पेरियार नदीत काय गेले आणि काय जाऊ दिले नाही, त्यांच्या फुप्फुसांची तपासणी कशी होत असे, यांविषयी सामान्य वाचकासाठी लिहिलेला ग्रंथ पित्रों-शायडर यांच्या ग्रंथांशेजारी ठेवता आला तर या विषयाचे चित्र कितीतरी पुरे होईल. तो मल्याळममध्ये व्हावा हे उचित; मराठीत अनुवाद करण्यास माणसे मिळतील.

तोवर या दोन ग्रंथांवर भागवावे लागेल. वेळ थोडा असेल त्यांनी पित्रों यांचे प्रदूषणाच्या स्थलांतराविषयीचे प्रकरण आणि शायडर यांचे ओक फ्लॅटवरील लेखन एवढे तरी वाचावे. बिआंका जेकबसन यांचा इंग्रजी अनुवाद सुगम आहे. वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. ला रोशेलला २०२५ च्या एप्रिलमध्ये सोल्वे कंपनीने चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मीळ मृदांची नवी उत्पादनरांग सुरू केली. जागा तीच, खाडीही तीच. पित्रों यांनी जे मागितले होते त्याचा एक तुकडा त्यांना मिळाला आहे. ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत त्यांनी त्या टाक्यांपाशी जाऊन यावे.